डबीपासून चार मीटर तीस

डबी सापडली.

हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे उगाच कुणाच्या जिवाला घोर नको. आता हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरून चालू. कारण गोष्ट सुरू होते शनिवारी, आणि शनिवारी डबी कुणालाही सापडलेली नव्हती. म्हणजे तशी सात जणांना सापडली होती. ज्याला सापडायला हवी होती त्याला सोडून.

तो मोजणी खात्यात मोजणीदार होता. ऑफिसात सगळे त्याला पाठीमागे 'सेंटीमीटर' म्हणत. त्याला ते माहीत होतं, आणि त्याची तक्रार एवढीच होती की आपण मिलिमीटरपर्यंत काम करतो. साठ वर्षांपूर्वी पुरलेला हद्दीचा दगड त्याने एकदा कोंबड्यांच्या खुराड्याखालून बरोबर काढून दाखवला होता. दोन भावांचं भांडण मिटलं आणि कोंबड्या रस्त्यावर आल्या. घरी मात्र समोरच्या फळीवरचा साखरेचा डबा त्याला दिसत नसे. "पुरून ठेवत जाऊ का साखर?" असं त्याची बायको विचारायची. ती इस्पितळात नर्स होती. एका टोचणीत शीर सापडणारी म्हणून अख्ख्या मजल्यावर तिचं नाव होतं, आणि घरात साखर, चष्मा, किल्ल्या आणि नवऱ्याचा डावा मोजा शोधण्याचं खातंही तिच्याकडेच होतं.

दोन महिन्यांपूर्वी ऑफिसात नव्या मॅडम आल्या. मॅडमना एक छंद होता. जगभर लोक म्हणे डब्या लपवतात, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतात. मग दुसरे लोक फोन घेऊन ती डबी शोधतात, आतल्या वहीत सही करतात आणि डबी होती तिथे परत ठेवून देतात.

"आणि मग?" सेंटीमीटरने विचारलं होतं.

"मग दुसरी शोधतात."

"आत काय असतं?"

"वही."

"वहीसाठी शोधतात?"

"शोधण्यासाठी शोधतात," मॅडम म्हणाल्या होत्या, आणि त्या दिवशी सेंटीमीटरला जेवण गेलं नव्हतं.

इथवर हा मॅडमचा खाजगी प्रश्न होता. पण महिनाअखेरीस रेकॉर्ड रूमचे कारकून निवृत्त होणार होते आणि आठ मोजणीदारांपैकी एकाला त्या खुर्चीत बसवायचं होतं. रेकॉर्ड रूमला खिडकी नव्हती. तिथे जुने नकाशे होते, ते हात लावला की तुटत. मग ते खळीने चिकटवायचे, आणि चिकटवून होईपर्यंत दुसरा तुटे. तिथे गेलेला माणूस पुन्हा उन्हात दिसला तो निवृत्तीच्या समारंभालाच. मॅडमनी साधा उपाय काढला. त्यांनी शहराच्या बागेत एक डबी लपवली आणि कागदावर लिहून दिलं: सोमवारी सकाळी दहाला वही उघडण्यात येईल; ज्याची सही नाही, तो रेकॉर्ड रूममध्ये.

"ज्याला डबी सापडत नाही, त्याला हद्दीचा दगड काय सापडणार?" मॅडम म्हणाल्या.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सात जण बागेत गेले आणि अर्ध्या तासात सह्या करून, वर आइस्क्रीम खाऊन परत आले. सेंटीमीटर त्या दिवशी गावाबाहेर एका उसात उभा होता. त्याच्या टेबलावर फक्त एक अर्धा कागद वाट बघत होता. वर मथळा होता, 'नवशिक्यांसाठी सूचना'.

बावीस वर्षांच्या नोकरीनंतर हा शब्द जिव्हारी लागला. तरी त्याने तो कागद घरी नेऊन अकरा वेळा वाचला. डबीच्या जवळ गेलात की फोन खिशात ठेवा, डोळे वापरा. लपवणाऱ्याच्या डोक्याने विचार करा. आजूबाजूच्या लोकांच्या नजरेत येऊ नका आणि कुणालाही सांगू नका, नाहीतर डबी कचऱ्यात जाते. तळाशी अक्षांश-रेखांश होते आणि त्याखाली एक इशारा: 'दमलेल्याला लवकर सापडते.'

"सोपं आहे," तो बायकोला म्हणाला. "दमेपर्यंत शोधायचं."

बायको ड्यूटीवर निघाली होती. तिने फक्त त्याच्याकडे एकदा बघितलं आणि चपला घातल्या.

शनिवारी सकाळी सातला तो बागेत हजर झाला. फोनवरचा बाण आधी उत्तरेकडे होता. सेंटीमीटर उत्तरेला गेला, तर बाण म्हणाला मागे. मागे आला, तर बाण स्वतःभोवती फिरला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पाच मीटर इकडे-तिकडे.' ते वाचून त्याने फोन खिशात टाकला. सूचनेत तसं लिहिलंच होतं, पण त्याने टाकला तो रागाने. पाच मीटर! पाच मीटरवरून तीन पिढ्या कोर्टात जातात, आणि हे यंत्र ते इकडे-तिकडे म्हणतं.

तो ऑफिसात गेला आणि खात्याचं मशीन घेऊन आला. मशीन त्याच्याच ताब्यात असे. रजिस्टरमध्ये त्याने कारण लिहिलं, 'चाचणी'. लोकांच्या नजरेत यायचं नाही म्हणून त्याने खात्याचं नारिंगी जाकीट घातलं, कारण सरकारी जाकिटातल्या माणसाकडे कुणी बघत नाही असा त्याचा बावीस वर्षांचा अनुभव होता. मग बागेच्या मधोमध तिपाई उभी केली, वर मशीन बसवलं, उपग्रहांची वाट बघितली आणि चाळीस मिनिटांत मॅडमनी दिलेला बिंदू जमिनीवर उतरवला. तिथे खुंटी ठोकली. खुंटीच्या डोक्यावर बारीक खिळा मारला, कारण खुंटी जाड असते. खिळ्याला लाल फडकं बांधलं.

बिंदू फिरायच्या वाटेवर आला होता. तिथे माती होती, खडी होती आणि एक मुंगी होती. डबी नव्हती.

"काय मोजताय?"

आवाज बाकावरून आला. वाटेच्या कडेला लोखंडी बाक होता, त्यावर एक म्हातारे काका बसले होते. काका एका कचेरीत आवक-जावक कारकून म्हणून निवृत्त झाले होते, आणि रोज सकाळी सात ते संध्याकाळी सात याच बाकावर बसत. शेजारी लोकर विणणाऱ्या एक मावशी होत्या.

"सांगता येणार नाही," सेंटीमीटर म्हणाला. सूचनेत तसं स्पष्ट होतं.

"सांगता येणार नाही म्हणजे गुप्त आहे?"

"गुप्त नाही. पण बोलायचं नाही असं लेखी आहे."

काकांनी मावशींकडे बघितलं. मावशींच्या सुया थांबल्या.

"कुणाचं लेखी?"

"मॅडमचं."

"आणि हे लाल फडकं कसलं?"

"मध्य आहे."

"कशाचा मध्य?"

सेंटीमीटरने विचार केला. खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं आणि खरं बोलायची परवानगी नव्हती. "ते सोमवारी सकाळी दहाला कळेल," तो म्हणाला. "तोवर माझं काम संपलं पाहिजे, असा वरून आदेश आहे."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. माणसाने एवढं खरं बोलू नये.

मग त्याने लपवणाऱ्याच्या डोक्याने विचार केला. मॅडम मोजणी खात्यातल्या आहेत. त्या लपवणार तर चौकोन आखूनच लपवणार. म्हणून त्याने खुंटीच्या चारी बाजूंना दोरी ताणली, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर चुन्याची फक्की मारली आणि एकेक चौकोन गुडघ्यांवर बसून तपासायला घेतला. दुपारपर्यंत चोवीस चौकोन झाले. त्यात एक बटण, दोन बाटल्यांची झाकणं आणि कुणाचा तरी दुधाचा दात सापडला. त्याने दाताचीसुद्धा नोंद केली.

मध्ये एकदा त्याने ऑफिसातल्या ज्युनिअरला फोन लावला.

"सर, शपथ घातलीये मॅडमनी," ज्युनिअर कुजबुजला. "पण दमलात का?"

"नाही अजून."

"मग दमा ना सर."

सेंटीमीटरने तिपाई मिटली, खांद्यावर घेतली आणि बागेला सहा फेऱ्या मारल्या. अठरा किलोचं मशीन, नारिंगी जाकीट आणि ऊन. सहाव्या फेरीनंतर त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तो धापा टाकत खुंटीपाशी उभा राहिला आणि वाट बघू लागला. काही सापडलं नाही.

"बसा हो साहेब, दमलात," मावशी म्हणाल्या. बाकावर जागाही होती.

"नको," सेंटीमीटर दात आवळून म्हणाला. "आता तर कुठे दमलोय."

बाकावरून काका हे सगळं बघत होते. सकाळपासून बागेत फिरणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी थांबवून सांगितलं होतं, आणि प्रत्येकाने आपलं थोडं त्यात घातलं होतं. नऊ वाजता नुसती मोजणी होती. दहाला ती रस्त्याची मोजणी झाली. अकराला रस्ता चौपदरी झाला. साहेब मशीन खांद्यावर घेऊन बागेला चक्कर मारतायत म्हटल्यावर वळणसुद्धा ठरलं, आणि लाल फडकं रस्त्याच्या मध्यावर आहे हे तर साहेबांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याचे गुडघे पांढरे आणि मान लाल होती.

"मिळाली?" बायकोने विचारलं.

"सव्वीस चौकोन झाले. एकशे अठरा राहिलेत."

"आणि दमलात?"

"हो ना! दमूनही नाही मिळाली. इशारा चुकीचा आहे."

रविवारी सकाळी तो बागेत गेला तेव्हा बाकाला कापड गुंडाळलेलं होतं. त्यावर लाल अक्षरात 'बाग बचाव कृती समिती' असं लिहिलं होतं. कापड थेट जमिनीपर्यंत लोंबत होतं. बाकावर काका, मावशी आणि एक जाडजूड गृहस्थ खांद्याला खांदा लावून बसले होते. काकांच्या हातात एक छोटी निळी वही होती आणि फिरायला येणारा प्रत्येक जण थांबून तीत सही करत होता.

"आमच्या अंगावरून न्या रस्ता!" जाडजूड गृहस्थ ओरडले. अंगावरून न्यायला बराच मोठा रस्ता लागला असता.

"कुठला रस्ता?" सेंटीमीटरने विचारलं.

"बघा, आता रस्ताच माहीत नाही म्हणतायत!"

"मी रस्त्याचं काही बोललोच नाही."

"तेच तर! बोलायला नको होतं का?"

सेंटीमीटरला आंदोलनाशी देणंघेणं नव्हतं. बाक त्याच्या बिंदूपासून चार मीटर तीस सेंटीमीटरवर होता. म्हणजे त्याच्या लेखी परगावी. त्याने गुडघे टेकले आणि सत्ताविसावा चौकोन घेतला. समितीने घोषणा दिल्या. त्याने अठ्ठाविसावा घेतला. समितीने 'चले जाव' म्हटलं. त्याने मान वर न करता विचारलं, "जरा तो पाय उचलता का? तेवढा कोपरा राहिलाय." घोषणा देणाऱ्याने पाय उचलला. माणसं तशी वाईट नव्हती.

चार वाजता बायको ड्यूटी संपवून परस्पर बागेत आली. तोवर सेंटीमीटरचे एकशे एक चौकोन झाले होते, आणि त्याला एकूण नऊ झाकणं मिळाली होती.

"कागद बघू," ती म्हणाली. तिने तो एकदाच वाचला. "अहो, दमल्यावर माणूस काय करतं?"

"आणखी जोर लावतं."

"बसतं!" बायकोने कपाळावर हात मारला. "बसतं माणूस! आणि बसायला इथे काय आहे?"

सेंटीमीटरने सावकाश मान वळवली. वाटेच्या दोन्ही बाजूंना दूरवर दुसरं काहीच नव्हतं. लोखंडी बाक. लोखंडाला चुंबक चिकटतं, आणि अशा डब्यांना तळाशी चुंबक असतं.

"पण तो चार मीटर तीसवर आहे!"

"मॅडमनी जागा कशाने घेतली? तुमच्या मशीनने?"

"फोनने."

"फोन किती चुकतो?"

सेंटीमीटरच्या तोंडावर असा भाव आला की बायकोने सवयीने त्याची नाडी बघितली. "म्हणजे माझा बिंदू बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला. "डबी चुकीच्या जागी आहे."

"असेल. पण सही डबीतल्या वहीत करायचीये, बिंदूवर नाही. चला, खालून हात घालून बघू."

ते जमण्यासारखं नव्हतं. कापड खाली घट्ट बांधलेलं होतं आणि वर तिघं ठाण मांडून होते. "लोकांच्या बुडाखाली हात घालायची मला सवय आहे," बायको हळूच म्हणाली, "पण ते पेशंट असतात. सांगून टाका ना खरं काय ते."

"कुणालाही सांगू नका असं लिहिलंय. सांगितलं की डबी कचऱ्यात जाते."

"मग रेकॉर्ड रूममध्ये जाल तुम्ही!"

"जाईन. पण नियम मोडून नाही गेलो असं होईल."

बायकोने मोठा श्वास घेतला आणि ती थेट बाकासमोर जाऊन उभी राहिली. "मावशी, ह्यांना जरा बसू द्या ना. दोन दिवस उभे आहेत."

"बसायला नाही म्हणत नाही हो," मावशी सुया चालवत म्हणाल्या. "पण इथे आता साखळी धरणं आहे. बसायचं तर सही करून, आणि आपली पाळी आली की. आजच्या पाळ्या भरल्या. उद्या सकाळी सात ते आठ रिकामी आहे, तेव्हा काकांशिवाय कुणाला जमत नाहीये."

"ह्यांना?" जाडजूड गृहस्थ उडालेच. "अहो, ज्याच्या विरोधात बसलोय त्यालाच बसवायचं?"

"ह्यांनाही पटलेलं नाही हे सगळं," बायको म्हणाली. यातही खोटं काही नव्हतं.

काकांनी गृहस्थांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सेंटीमीटरकडे बघून एक डोळा बारीक केला. "ठाऊक आहे मला," ते खाजगी आवाजात म्हणाले. "तुमच्या खात्यात बऱ्याच जणांना पटलेलं नाही. या उद्या सातला."

सेंटीमीटरला यातलं काही समजलं नाही. पण पाळी मिळाली होती.

घरी आल्यावर बायकोने जेवणाच्या टेबलाखाली चिकटपट्टीने एक झाकण लावलं आणि त्याला खुर्चीवर बसवलं. "डोळे मिटा. शीर डोळ्यांनी शोधायची नसते. वरून सगळं सारखंच दिसतं. बोटांनी शोधायची. कातडी काय सांगते ते ऐकायचं."

"टेबलाला कातडी नाही."

"मिटा म्हटलं ना!"

त्याने डोळे मिटले आणि टेबलाखाली बोटं फिरवली. पहिल्यांदा त्याला खिळा सापडला. दुसऱ्यांदा चार वर्षांपूर्वी कुणीतरी चिकटवलेलं च्युइंगम. "हे कुणाचं?" त्याने विचारलं. बायको म्हणाली, "लक्ष विचलित करू नका," आणि लाजली. तेराव्या खेपेला झाकण सापडलं. त्यानंतर मात्र ती कुठेही लावो, टेबलाच्या पायाला, खुर्चीच्या पाठीला, तो चुकला नाही. जेवताना त्याने मध्येच डोळे मिटून हात लांब केला आणि साखरेचा डबा अचूक उचलला. बायकोच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

सोमवारी सातला दहा मिनिटं कमी असतानाच तो बाकापाशी होता. काका आधीच आलेले. त्यांनी निळी वही अंगठ्याने मधलं पान दाबून पुढे केली. "इथे सही."

"तारीख आणि वेळ घालायची?"

"कुणी घालत नाही."

"मी घालतो," सेंटीमीटर म्हणाला. त्याने पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, सही केली आणि पुढे तारीख घालून लिहिलं, 'सकाळी ७ वाजून १० मिनिटे'. वीस मिनिटं त्याची ओळी सरळ आहेत का ते बघण्यात गेली होती. मग तो स्वतःच्याच मोजणीच्या विरोधात धरण्याला बसला.

वर्तमानपत्र मांडीवर पसरून, डोळे मिटून त्याने डावा हात बाकाखाली सोडला. पट्टी. पट्टी. बोल्ट. गंज. पट्टी. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, माणूस लोकांसाठी प्रार्थना करतोय. काकांनाही तसंच वाटलं. त्यांनी आदराने थोडी जागा करून दिली. सात बावन्नला बोटांना काहीतरी गोल, गार आणि गुळगुळीत लागलं.

डबी सापडली.

एकोणपन्नास तास, एकशे एक चौकोन, अठरा किलो. त्याने वर्तमानपत्राआड डबी सोडवली, झाकण फिरवलं आणि आत बघितलं. आत एक पेन्सिल होती. वही नव्हती.

त्याने डबी उलटी केली. पेन्सिल बाहेर पडली. त्याने झाकणाच्या आत बघितलं, डबीच्या खाली बघितलं, पेन्सिलसुद्धा नीट बघितली. मग सूचनेप्रमाणे पेन्सिल आत घातली, झाकण लावलं, डबी होती तिथे चिकटवली आणि पाळी संपेपर्यंत बसून राहिला. मध्येच उठला असता तर साखळी तुटली असती.

दहाला पाच कमी असताना आठही मोजणीदार मॅडमच्या केबिनमध्ये उभे होते. सात जण मजेत होते. आठवा सरळ उभा होता.

"मॅडम, डबी सापडली," तो म्हणाला. "बाकाखाली, डावीकडून तिसऱ्या आणि चौथ्या पट्टीच्या मध्ये. वही नव्हती."

"वही नव्हती? मग सही?"

"नाही."

"मी आत्ता वही आणायलाच निघाले होते," मॅडम हळहळून म्हणाल्या. त्यांना सेंटीमीटर तसा आवडत असे, लांबून. "पण नियम सगळ्यांना सारखा. वही हरवली हे तुम्हीच म्हणताय. तुम्हाला डबी मिळाली याला पुरावा..."

"नाही," सेंटीमीटर म्हणाला. "रेकॉर्ड रूमची किल्ली द्या."

तेवढ्यात बाहेर गलका झाला. शिपायाला बाजूला सारून काका, मावशी आणि जाडजूड गृहस्थ आत आले आणि काकांनी मॅडमच्या टेबलावर निळी वही ठेवली.

"एकशे सेहेचाळीस सह्या," काका म्हणाले. "बागेतून रस्ता जाऊ देणार नाही."

मॅडम वहीकडे बघत राहिल्या. "ही तुम्हाला कुठे मिळाली?"

"आमच्याच बाकाखाली. शुक्रवारी दुपारी मी लांबच्या नळावर पाणी पीत होतो, तर एकामागून एक सात माणसं आली. इकडेतिकडे बघितलं, बाकाखाली हात घातला, सही केली, पसार. हीच ती," काकांनी सात जणांकडे बोट केलं. "म्हटलं काय प्रकार आहे, तर ही वही. वर काय लिहिलंय वाचा. 'सही करा. कुणालाही बोलू नका.' आतल्याच लोकांचा गुपचूप विरोध आहे, हे न समजायला मी काय काल जन्मलो? फक्त कशाला विरोध ते कळत नव्हतं. शनिवारी हे साहेब मशीन घेऊन आले आणि उलगडा झाला."

सात जणांच्या चेहऱ्यावरची मजा ओसरली. मॅडमनी पानं उलटली. पहिल्या पानावर सात सह्या. पुढे बागेत चालणारे, पळणारे, कुत्री फिरवणारे. सहीच्या जागी दोन कुत्र्यांचे पंजेही होते. शेवटून चौथ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. पूर्ण नाव, हुद्दा, सही, सकाळी ७ वाजून १० मिनिटे.

"दहाच्या आत आहे मॅडम," ज्युनिअर म्हणाला.

"पण ह्यांना वही सापडली कुठे? ह्यांच्या हातात दिली कुणीतरी!"

"मॅडम," सेंटीमीटरने खिशातून त्यांच्या आदेशाचा घडीचा कागद काढला. त्याच्या आवाजात दोन दिवसांत पहिल्यांदा रंग भरला. "तुमचंच लेखी आहे. 'ज्याची सही नाही, तो.' ज्याला सापडली नाही, तो, असं लिहिलेलं नाही."

मॅडमनी कागद वाचला. पुन्हा वाचला. "बरं," त्या म्हणाल्या. "तुम्ही फील्डवरच. आणि काका, ही माझी खाजगी वही आहे, डबीत परत ठेवायची आहे. रस्ता-बिस्ता काही नाही."

"आता कशी ठेवणार?" काका शांतपणे म्हणाले आणि त्यांनी वहीचं मागचं पान उघडलं. तिथे खात्याचा आवक शिक्का होता, जांभळा, ओला. "वर यायच्या आधी खाली नोंद करून आलोय. चाळीस वर्षं हेच केलं. शिक्का बसला की कागद सरकारचा. तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं."

"उत्तर काय देणार? रस्ता नाहीच आहे!"

"नाही, हे मोजणी करून सांगावं लागेल," सेंटीमीटर म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. "कुठे नाही, किती नाही, हे नकाशावर दाखवल्याशिवाय नाही म्हणता येत नाही."

मावशींनी मान डोलावली. "माणूस सरळ आहे," त्या म्हणाल्या.

मॅडमनी डोळे मिटले. बाग मोजायला कुणाला पाठवायचं हा प्रश्नच नव्हता. एकशे एक चौकोन एकाच माणसाचे आधीच झाले होते.

सेंटीमीटर नऊ दिवस बागेत होता. रोज दुपारी बाकावरचे लोक त्याला जागा देत आणि तो दमला की बसत असे. ही सवय त्याला आता लागली होती. दहाव्या दिवशी त्याने एक्केचाळीस पानांचा अहवाल मॅडमच्या टेबलावर ठेवला. सदर बागेतून चौपदरी, दुपदरी अथवा कोणत्याही पदराचा रस्ता जात नाही, असा निष्कर्ष होता आणि सोबत तो रस्ता कुठून कुठून जात नाही याचे सहा नकाशे. मॅडमनी सुटकेचा श्वास टाकून सही केली. मग त्यांना शेवटच्या पानावर खाली वेगळा परिच्छेद दिसला:

'मोजणीअंती असे निदर्शनास आले आहे की, खात्याने लेखी कळवलेल्या अक्षांश-रेखांशापासून डबी ४.३० मीटर ईशान्येस आढळते. कळवलेला बिंदू तपासून अचूक असल्याची खात्री केली आहे. त्यामुळे चूक डबीच्या जागेची आहे. डबी ज्या बाकास चिकटवली आहे तो काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला असून त्यावर नागरिकांची वहिवाट आहे, सबब एकटा बाक हलवणे योग्य होणार नाही. तरी संपूर्ण बाग, त्यातील झाडे, वाटा, नळ व नागरिकांसह, ४.३० मीटर नैऋत्येस सरकवण्यात यावी, ही विनंती.'